परदेशी दवाखान्यात आपली लेक रुळेल का?

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर एक बाई मागे थांबल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. मुलगी जीएनएम झालेली, बीडला एका खाजगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर दोन वर्षे नाईट करते. आता कोणी एजंट म्हणतो, जर्मनीला पाठवतो, साडेतीन लाख भरा. बाई आणि त्यांचे मालक दरवर्षी ऊसतोडीला जातात. तरी पैशांचे त्यांनी विचारलेच नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "ताई, पोरगी लई लाजाळू हाय. तिकडच्या दवाखान्यात रुळंल का?"

नेकनूर आणि आसपासच्या वस्त्यांतून हा प्रश्न आता वारंवार येतो. आपल्या कितीतरी मुली एएनएम, जीएनएम झाल्या. इथे कायमची जागा निघत नाही, निघाली तर कंत्राटी. तिकडे मात्र म्हाताऱ्यांची संख्या वाढली आहे आणि सेवा करणारे हात कमी आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. दहा हजार जणांची गोष्ट झाली आणि त्यात नर्सेस होत्या. तेव्हापासून भिंतीवर जर्मन भाषेच्या क्लासच्या जाहिराती दिसू लागल्या, आणि त्यामागून एजंटही आले.

आपण धरून चालतो की रुळणे हा मुलीच्या स्वभावाचा प्रश्न आहे. बोलकी असेल तर रुळेल, लाजाळू असेल तर नाही. बाहेर गेलेल्या नर्सेसशी बोलून मला तसे वाटत नाही. बोलक्या मुली सहा महिन्यांत कोमेजल्याचे मी ऐकले आहे आणि तोंडातून शब्द न काढणाऱ्या मुली तिसऱ्या वर्षी वॉर्ड सांभाळतानाही ऐकले आहे. फरक पडला तो ती कोणत्या कागदावर सही करून गेली, दवाखान्याने पहिले वर्ष तिला कसे वागवले आणि घरच्यांनी फोनवर काय मागितले, यामुळे. म्हणून मुलीचा स्वभाव तपासण्याआधी या तीन गोष्टी तपासा.

स्टाफ नर्स जाते, मदतनीस होते

पहिला धक्का विमानातून उतरल्यावर महिनाभरात बसतो आणि त्याची कल्पना घरात कोणालाच नसते. इथे ती रजिस्टर्ड नर्स आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नंबर आहे. तिकडे गेल्यावर काही महिने ती नर्स नसते.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. इंग्रजीची परीक्षा आधी द्यावी लागते. आयएलटीएस दिली तर ऐकणे, वाचणे, बोलणे यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ गुण हवेत. नर्सिंगसाठी खास असलेली ओईटी ही परीक्षाही चालते. मग संगणकावरची परीक्षा, जी भारतात बसूनच देता येते. शेवटची ऑस्की नावाची परीक्षा मात्र इंग्लंडला जाऊनच द्यावी लागते. तिच्यात दहा टेबलांवर एकामागून एक प्रात्यक्षिक दाखवायचे असते. ती पास होऊन तिथल्या कौन्सिलचा नंबर मिळेपर्यंत मुलीला बहुधा बँड ३ वर, म्हणजे सहायकाच्या जागेवर ठेवतात. नंबर आला की बँड ५, म्हणजे पूर्ण नर्स.

जर्मनीत वाट आणखी लांब आहे. व्हिसासाठी साधारण बी-१ आणि नर्स म्हणून मान्यता मिळण्यासाठी साधारण बी-२ पातळीचे जर्मन लागते. मान्यतेचे कार्यालय आपले जीएनएम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहते आणि कमी पडलेल्या विषयांची यादी देते. मग एक तर पूरक प्रशिक्षण घ्यायचे, नाही तर परीक्षा द्यायची. तोवर ती मदतनीस, पगारही मदतनीसाचा.

हे अन्यायाचे आहे का? थोडे आहे. पण आधी माहीत असेल तर ते एक टप्पा म्हणून पार पडते. माहीत नसेल तर मुलीला वाटते, आपल्याला फसवले. घरच्यांना वाटते, पोरगी काहीतरी लपवते. मुलाखतीतच विचारायचे: मदतनीस म्हणून किती महिने, त्या काळात पगार किती, परीक्षेची फी कोण भरणार, नापास झाले तर पुढे काय? इंग्लंडमध्ये ऑस्की पास होण्यासाठी कामावर लागल्यापासून साधारण आठ महिन्यांची मुदत असते. ज्या दवाखान्याला आपली नर्स टिकवायची आहे तो ड्युटीचे तास कमी करून तयारीला वेळ देतो. ज्याला फक्त हात हवे आहेत तो देत नाही.

अंग पुसण्याचे काम

दुसरा धक्का मोठा आहे आणि त्याविषयी मुली आईलाही सांगत नाहीत.

आपल्याकडे जनरल वॉर्डात एका सिस्टरकडे चाळीस-पन्नास पेशंट. ती सलाईन लावते, इंजेक्शन देते, केसपेपर भरते, राऊंडला डॉक्टरांमागे फिरते. पेशंटला आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे हे नातेवाईक करतात. बेडपॅन मावशी उचलते. खाली पडलेली घाण सफाईवाला काढतो. मी नोकरीला लागले तेव्हा मावशी आणि सफाईवाला कोणत्या समाजाचे असतात हे कोणाला विचारावे लागत नव्हते. आपल्याच वस्तीतले चेहरे. आणि आपल्या मुलीने नर्सिंगचा डिप्लोमा केला तो नेमका त्या कामातून बाहेर पडण्यासाठी. बापाने गटार उपसले, आईने दुसऱ्याची भांडी घासली, लेक पांढऱ्या कपड्यात वॉर्डात उभी राहिली. हा प्रवास छोटा नाही.

ही लेक जर्मनीला जाते आणि पहिल्या सकाळी इन्चार्ज तिच्या हातात टॉवेल, पाण्याचे भांडे आणि डायपर देते. चार म्हाताऱ्यांना आंघोळ घाल, तोंड धुऊन दे, कवळी साफ कर, शी-शू काढ, नाश्ता भरव. नातेवाईक भेटीला येतात, पण अंग पुसायला कोणी येत नाही. मावशी हा प्रकारच नाही. आणि शिरेतून इंजेक्शन देणे, रक्त काढणे ही जी कामे ती इथे डोळे मिटून करायची, ती तिथे पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांची मानली जातात. तिला वाटते, आपले शिक्षण पाण्यात गेले. आपल्याला परत तिथेच नेऊन बसवले, जिथून आईबापांनी उचलून काढले होते.

ही भावना मी कमी लेखणार नाही. सवर्ण घरातल्या भारतीय नर्सलाही तिथे हे काम नकोसे होते, पण तिच्या नकोसे होण्यात विटाळाचा भाग असतो. आपल्या मुलीच्या मनात जुनी जखम असते. दोन्हींना वरवर एकच नाव देतात, "भारतीय नर्सेसना बेसिक केअर करायला आवडत नाही." ते एक नाही.

पण गोष्टीची दुसरी बाजूही तिला निघण्याआधी सांगायला हवी. तिथे हे काम तीन वर्षे शिकवतात. ते जन्माने कोणाच्या वाट्याला येत नाही. तिच्या शेजारी उभी असलेली जर्मन नर्सही तेच करत असते आणि संध्याकाळी त्याच टेबलावर बसून जेवते. अंग पुसताना पेशंटची पाठ दिसते, माकडहाडावर लाल डाग पडला आहे का कळते, म्हणजे बेडसोअर होण्याआधी सापडतो. पाय सुजला आहे का, श्वास लागतो का, काल बोलणारा माणूस आज अडखळतो का, हे सगळे त्या पंधरा मिनिटांत कळते. आंघोळ घालणे म्हणजे तपासणी आहे. आपल्याकडे हे काम अशिक्षित ठरवून जातीवर ढकलले, म्हणून आपल्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना बेडसोअर होतात. इतके साधे आहे ते.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे, विहारात आपण तो ऐकलेला असतो. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो त्यांच्या कामाचा नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना बोलावून म्हटले की इथे तुमची आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? शाक्यकुळातल्या माणसाने हे केले. विटाळाची कल्पना त्या पाण्याबरोबर वाहून गेली. मुलीला हे ऐकवायचे ते "काम निमूट कर" असे सांगण्यासाठी नव्हे. ज्या दिवशी तिला एकटीलाच, रंगावरून किंवा देशावरून, सगळे बेडपॅन दिले जातील त्या दिवशी तिने तोंड उघडायचे आहे. सगळ्यांना समान वाटून आलेले काम आणि तिच्यावर ढकललेले काम यांतला फरक आपल्या मुलीइतका कोणाला कळणार?

पुस्तकातली भाषा आणि पेशंटची भाषा

परीक्षेत चांगले गुण आले तरी वॉर्डात पहिल्या आठवड्यात काही कळत नाही. बाडेन-वुर्टेंबर्गच्या मोठ्या भागात श्वाबेन बोली चालते. तिथला म्हातारा "फूस" दुखतो म्हणाला की क्लासमध्ये शिकलेल्या जर्मनप्रमाणे पाऊल दुखते असे समजते, पण त्याच्या बोलीत तो शब्द मांडीपासून खाली अख्ख्या पायाला लागतो. मुलगी पाऊल तपासत बसते, म्हातारा वैतागतो. इंग्लंडमधली आजी "स्पेंड अ पेनी" म्हणाली तर ती पैसे मागत नाही, तिला लघवीला जायचे आहे.

आपल्याकडचे आठवा. केरळच्या सिस्टर आपल्या दवाखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या आल्या. मला इंजेक्शन द्यायला शिकवले ते एका मल्याळी सिस्टरने. बाई म्हणायची "छातीत चमक निघती, गरगरतंय", आणि सिस्टर माझ्याकडे बघायची. त्या मराठी शिकल्या, आपण त्यांच्या भाषेतला एक शब्द शिकलो नाही. सगळ्यांना सरसकट "मद्रासी सिस्टर" म्हणून मोकळे झालो, पाठीमागे त्यांच्या उच्चारांची नक्कल केली. मीही केली आहे. आपल्या मुलीच्या उच्चारांना उद्या कोणी हसले तर वाईट वाटेल, तेव्हा त्या सिस्टरची आठवण यावी.

सर्वांत अवघड असतो फोन आणि ओव्हर. समोर माणूस असला तर हातवारे दिसतात, फोनवर नाही. ड्युटी बदलताना पाच मिनिटांत दहा पेशंटची माहिती भरभर सांगतात. इथे एकच युक्ती चालते आणि तीच आपल्या मुलींना जड जाते: "मला कळले नाही, परत सांगा" असे म्हणणे. आपल्या नर्सिंग स्कूलमध्ये डॉक्टर आले की उभे राहायचे, ट्यूटरला उलट विचारायचे नाही, हे शिकवतात. तिकडे न विचारणारी नर्स धोकादायक समजली जाते. औषधाचा डोस चुकीचा वाटला तर डॉक्टरला थांबवणे हे तिचे कर्तव्य धरले जाते, आणि ती गप्प राहिली तर जाब तिला विचारतात. मी तर म्हणते, जायच्या आधी सहा महिने इथेच सराव करावा. आपल्या डॉक्टरांना जरा आश्चर्य वाटेल, वाटू द्या.

भेदभाव तिकडेही आहे

तिकडे सगळे समान आहेत असे सांगणारा एजंट खोटे बोलतो. इंग्लंडची सरकारी आरोग्य सेवा एनएचएस १९४८ साली सुरू झाली आणि पहिल्या वर्षांपासून कॅरिबियन बेटांवरच्या मुलींना नर्सिंगसाठी बोलावले गेले. त्यांच्यापैकी अनेकींना पूर्ण नर्सच्या अभ्यासक्रमाऐवजी दोन वर्षांच्या कमी दर्जाच्या अभ्यासक्रमात घातले. फरक काय आहे हे त्यांना सांगितलेच नाही. पुढे बढती अडली आणि मायदेशी त्या प्रमाणपत्राला किंमत नव्हती. जर्मनीचे पाहा. १९६० च्या दशकात केरळच्या कितीतरी ख्रिस्ती मुली चर्चच्या मार्फत पश्चिम जर्मनीत नर्स म्हणून गेल्या. १९७३ साली तिथे परदेशी कामगारांची भरती थांबली आणि पुढच्या काही वर्षांत अनेकींचे परवाने वाढवून दिले नाहीत. गरज होती तोवर बोलावले.

बदलही झाला आहे. एनएचएसमध्ये २०१५ पासून दवाखान्यांना गोऱ्या आणि इतर कर्मचाऱ्यांना बढती, शिस्तभंगाची कारवाई, त्रास यांत कसे वागवले जाते याचे आकडे जाहीर करावे लागतात. आकडे अजून चांगले नाहीत, पण लपवता येत नाहीत. करोनाची लस चाचणीबाहेर इंग्लंडमध्ये पहिल्यांदा ८ डिसेंबर २०२० रोजी कोव्हेंट्रीत दिली गेली, ती देणारी नर्स मे पार्सन्स ही फिलिपिन्समधून आलेली होती.

आणि जात? ती पासपोर्टवर छापलेली नसते, पण सामानात असते. भारतीय नर्सेसच्या खोलीत पहिल्या आठवड्यात "आडनाव काय, गाव कोणते" सुरू होते. बिहारची आदिवासी स्त्री परमिला तिर्की इंग्लंडमध्ये एका भारतीय कुटुंबाकडे घरकामाला होती, दिवसाला अठरा तास, नगण्य पैशांत. तिने खटला भरला. २०१४ साली तिथल्या अपील न्यायाधिकरणाने म्हटले की जातीवरून केलेला भेदभाव वंशभेदाच्या कायद्यात बसू शकतो आणि २०१५ साली तिला थकलेल्या मजुरीपोटी १,८३,७७३ पौंड देण्याचा निकाल लागला. म्हणून मुलीला सांगा, तारीख, वेळ, कोण काय बोलले हे वहीत लिहून ठेवायचे. आणि गेल्या गेल्या नर्सेसच्या युनियनचे सभासद व्हायचे. जर्मनीत वेर्डी आहे, इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग आणि युनिसन आहेत. वर्गणी वाचवायची नाही. आपली माणसे शोधायची. वुल्व्हरहॅम्प्टनला पंजाबी आंबेडकरी बांधवांनी उभा केलेला बुद्ध विहार आहे. १४ एप्रिलला एकटीने खोलीत मेणबत्ती लावण्यापेक्षा बसचे भाडे घालून तिथे जावे.

ही उचलच आहे

आता पैशांकडे येते. बीड जिल्ह्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मुकादम दसऱ्याच्या आधी उचल देतो, कोयता बांधला जातो, आणि हंगाम संपला तरी फिटत नाही. पुढच्या वर्षी परत त्याच्याच टोळीत. परदेशी नोकरीच्या करारात एक कलम असते: इतक्या वर्षांच्या आत नोकरी सोडली तर विमानाचे तिकीट, परीक्षा फी, प्रशिक्षण यांचा खर्च परत करा. इंग्रजीत त्याला काहीही नाव द्या, ती उचल आहे. थोड्या रकमेचे, दर महिन्याला घटत जाणारे कलम समजू शकते. पण रक्कम लिहिलेलीच नाही, किंवा तीन वर्षे अजिबात कमी होत नाही, तर सही करायची नाही. रोज अपमान होत असूनही वॉर्ड न सोडणाऱ्या मुली लाजाळू नसतात. पायात उचल असते.

एजंटचे वेगळे. भारतीय कायद्याप्रमाणे परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी हवी आणि तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये व त्यावर जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेऊ शकतो, पावती देऊन. साडेतीन लाख कुठून आले? नोंदणी खरी आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, कॉलेजातला कोणताही मुलगा मोबाईलवर काढून देईल. इंग्लंडच्या आचारसंहितेप्रमाणे तर नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचेच नाहीत. जर्मनीतही खर्च मालकाने करायचा या अटीवर एजन्सींना सरकारी गुणवत्ता शिक्का मिळतो. केरळ सरकारची नोर्का ही संस्था जर्मन सरकारी यंत्रणांबरोबर जी भरती करते तिच्यात नर्सकडून भरतीची फी घेत नाहीत. आखातात जायचे असेल तर २०१५ पासून अशा १८ देशांसाठी नर्सला, पासपोर्ट ईसीएनआर असला तरी, इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ" असे कोणी म्हणाले की उठून यायचे.

त्याच २०१५ साली कोचीत सीबीआयने एका भरती कंपनीवर गुन्हा नोंदवला. कुवेतसाठी नर्सकडून १९,५०० रुपये घ्यायची परवानगी, आणि आरोप असा की माणशी साडेएकोणीस लाख घेतले. त्याच्या आदल्या वर्षी इराकमधील तिक्रितच्या युद्धात अडकलेल्या ४६ भारतीय नर्सेस सुटून जुलैत कोचीला उतरल्या. त्यांच्यातल्या काहींना घरी परत आल्याचा आनंद पुरता झाला नाही, कारण जाण्यासाठी काढलेले कर्ज तसेच होते.

हेही सांगते, कारण विहारात कोणीतरी विचारतेच: राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या शिक्षणासाठी आहे. नोकरीला जाण्यासाठी ती मिळत नाही. मिळवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

पहिल्या वर्षाची तब्येत

हे आरोग्याचे पान आहे, म्हणून तब्येतीचे नीट सांगते. पहिल्या हिवाळ्यात तिकडे दुपारी चार वाजताच अंधार पडतो. नाईट करून झोपलेली मुलगी आठवडाभर सूर्य पाहत नाही. झोप बिघडते, पाळी मागेपुढे होते, अंग दुखते, रडू येते. सावळ्या कातडीला थोड्या उन्हात ड जीवनसत्त्व कमी तयार होते. इंग्लंडची आरोग्य सेवाच दक्षिण आशियाई लोकांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्वाची गोळी वर्षभर घेण्याचा विचार करा असे सांगते. गेल्या आठवड्यातच तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायचे, आजारी पडायची वाट पाहायची नाही. पेशंट उचलायला तिकडे यंत्र असते, ते शोधायला पाच मिनिटे लागतात म्हणून मुली हातानेच उचलतात. कंबर एकदा गेली की नोकरी जाते. यंत्र आणायचेच.

घराची आठवण आल्यावर रडू येणे हा आजार नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त रोज उदास वाटते, जेवण जात नाही, कामावर जायचे म्हटले की छाती धडधडते, जगून काय करायचे असे मनात येते, तर डॉक्टरांना सांगायलाच हवे. शेवटचा विचार आला तर त्याच दिवशी. मोठ्या दवाखान्यांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय असते. त्याने नोकरी जात नाही.

यात घराचा वाटा मोठा आहे. इंग्लंडमध्ये नव्या बँड ५ नर्सचा पगार २०२५-२६ मध्ये वर्षाला सुमारे ३१ हजार पौंड होता. भावकीत कोणीतरी लगेच मोबाईलवर रुपयांत गुणाकार करतो. त्यातून कर, विमा, पेन्शन कापून महिन्याला हातात दोन हजार पौंडांच्या आसपास येतात. त्यातून खोलीभाडे, हीटर, बस, जेवण. ऑस्की पास होईपर्यंत तर पगारच कमी. पहिल्या वर्षी पैसे मागू नका. स्लॅब एक वर्ष थांबेल. आणि फोन केला की "किती पाठवतेस" याच्या आधी "आज ड्युटी कशी झाली" हे विचारा. जिला दिवसभर परक्या भाषेत चुकायची भीती वाटते, तिला रात्री दहा मिनिटे आपल्या बोलीत न चुकता बोलायला मिळणे हेच औषध असते. बाळंतपण, भांडण, दारू, कर्ज हे सगळे रोज तिच्या कानात ओतू नका. ती तिथून काही करू शकत नाही आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात औषधांची ट्रॉली असते.

चांगला दवाखाना कसा ओळखायचा? मुलाखतीत विचारा: विमानतळावर कोण घ्यायला येणार, पहिले तीन महिने राहायची सोय काय, शिकवायला ठराविक नर्स नेमून देणार का, आधी आलेल्या भारतीय नर्सशी बोलायला मिळेल का. या शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर बाकीच्या उत्तरांना फार अर्थ नाही.

आणि कागद. आपल्या लोकांचे सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात. दहावीच्या सनदेवर आडनाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या, लग्नानंतर कौन्सिलमध्ये वडिलांचे नाव, पासपोर्टवर नवऱ्याचे. तांड्यावर किंवा कोपीत जन्मलेल्या मुलींची जन्मनोंदच नसते. पासपोर्ट, मार्कशीट, कौन्सिलची नोंदणी या तिन्हींवर एकच नाव, एकच स्पेलिंग करून घ्या. याला महिने लागतात, म्हणून भाषेच्या क्लासबरोबरच सुरू करा. नोंदणीचे नूतनीकरण चालू ठेवा. मूळ सनद एजंटकडे एक रात्रसुद्धा ठेवायची नाही.

त्या बाईंच्या पिशवीतला करार मी पाहिला. सोडून गेल्यास खर्च भरून द्यायचे कलम होते, रकमेची जागा कोरी होती. त्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत. मुलीने बी-१ चा क्लास लावला आहे. ज्यांच्याकडे असे करार आले असतील त्यांनी पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात थांबावे, आपण एकत्र वाचू. येताना मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स आणा, आणि मुलीलाही सोबत आणा.